दोरीवर कोण बसणार

१८ ऑक्टोबर

प्रिय तोशिदादा,

तू बरा असशील. आम्हीही बरे आहोत. मुळा यंदा चांगला पोसलाय, बाबांचा खोकला गेला, मांजरीला तीन पिल्लं झाली.

तुझ्या संग्रहालयाचं माहितीपत्रक मिळालं. आसोच्या ज्वालामुखीचा तापलेला लोट आपल्या गावापर्यंत आला, थिजला, मग नदीनं तो हजारो वर्षं चिरला आणि घळई झाली. छान लिहिलंयस. बाबांनी शेजारच्या हिदाका काकूंना दोनदा वाचून दाखवलं. मी चुलीत घालणार होते.

या घळईबद्दल बोलायला तुझी जीभ रेटते तरी कशी रे?

आपल्या वाट्याच्या कड्यावर गेले दोन शरद कुणी उतरलं नाही. तिसरा शरदही असाच गेला की गावाच्या रीतीप्रमाणे कडा हिदाकांकडे जाईल. पणजोबांपासून त्या कड्यावरचं इवाताके, ते खायचं काळं दगडफूल, खरवडत आलो आपण. आता बाबांचा उजवा हात मिटत नाही, म्हणून मी उतरणार आहे. रविवारी पाऊस सांगितलाय. इवाताके भिजून मऊ झालं की सोमवारी सकाळी जाईन.

बाबांना म्हटलं, "दोरी हिदाका काका धरतील."

"आपल्या घरची दोरी परक्याच्या हातात? तोशीला बोलव."

"तो नाही यायचा."

"येईल. दोरीवर बसावं तर त्यानंच. त्या दिवशी दोरी कपारीत अडकली, त्याला पोरगा काय करणार? जागचा हलला नव्हता तो."

मी भांडी घासत होते. हातातला वाडगा फुटला.

दादा, तू हलला होतास. मी जेवणाचा डबा घेऊन वर येत होते, मी पाहिलंय. दोरी देवदाराला बांधलेली आणि तू वीस पावलांवर, फुकुओकाच्या पाहुण्यांना खडकाचे खांब कसे झाले ते हातवारे करून सांगत होतास. दोरी दोनदा हलली, म्हणजे 'वर घे'. तुझी पाठ होती. मी ओरडणार होते, पण माणूस कड्यावर असताना वरून हाक मारायची नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी धावले. तोवर उत्तराचा हिसका येत नाही म्हणून बाबांना वाटलं, दोरी अडकली. ते ओल्या खडकावरून स्वतःच चढू लागले आणि घसरले.

तू रडत माझे पाय धरलेस. मी मूर्ख, बाबांना सांगितलं की दोरी खरंच अडकली होती. आठवड्यात तू कुमामोतोला पळालास. तेव्हापासून त्यांना भरवते मी, त्यांची बटणं लावते मी, आणि कौतुक ऐकते तुझं! संताप संताप होतो माझा. तुझ्यावर तर होतोच, पण ज्या तोंडानं मी ते खोटं बोलले, त्या तोंडावर जास्त.

ये. तू चांगली दोरी धरतोस हे मलाही माहीत आहे. पण आधी बाबांसमोर बस आणि सगळं सांग. मग ते म्हणाले तर तू धर. हिदाका काकांना मी तोवर थांबायला सांगितलंय.

तू आला नाहीस तर सोमवारी कंबरेला दोरी बांधायच्या आधी मीच बाबांना सांगेन. त्या दिवशी वर बसलेल्याबद्दलचं खोटं तसंच ठेवून मी खाली उतरणार नाही.

तुझ्यासाठी तीन वर्षं बापाशी खोटं बोललेली,
चिझुए