लेखकाने मधे बोलायचं नाही

१ जुलै, सकाळी

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. तरीही अक्षर बरं काढणे, कारण मोठ्या लेखकांच्या रोजनिशा पुढे कोणी ना कोणी छापतोच.

काल कॉलेजात नाव घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा इंग्रजीचा कोर्स आहे. तीन विषय: कॉम्पोझिशन, लिटरेचर आणि क्रिएटिव्ह रायटिंग. मला खरं तर तिसराच हवा होता, त्यात मराठीत लिहिलं तरी चालतं. पाणीपुरवठा कार्यालयात इतकी वर्षं ड्राफ्टिंग करतोय, आता लिहायला काय शिकायचं राहिलंय? माझ्या नोटमधला एक शब्दही साहेब बदलत नाहीत. कॅशियर म्हणतो, साहेब न वाचता सही करतात. जळतो.

संकल्प: वर्षाच्या शेवटी कॉम्पोझिशन आणि रायटिंग शिकवणाऱ्या मॅडम निवडक विद्यार्थ्यांना अ‍ॅडव्हान्स्ड वर्कशॉपला घेतात. त्यात माझं नाव आलंच पाहिजे. मग कादंबरी. मग नोकरी सोडायची का, ते तेव्हा बघू.

बायकोला सांगितलं. ती नर्स आहे, ड्यूटीवर निघाली होती. म्हणाली, छान, पण आधी स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो बघा. लेखकाच्या घरी हे चालायचंच.

५ जुलै

कॉम्पोझिशनमधून सूट मिळावी म्हणून मॅडमना अर्ज दिला. झकास उतरला होता. संदर्भ, विषय, सविनय निवेदन, सगळं जागच्या जागी. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, कॉम्पोझिशन तुम्हाला फार उपयोगी पडेल. अर्ज आवडला होता हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण नियम आडवा आला असावा.

कन्या त्याच कॉलेजात दिवसा शिकते. तिची अट: कँटीनमध्ये दिसली तरी हात करायचा नाही. ठीक आहे. नाव झाल्यावर तीच हात करेल.

१४ जुलै

पहिला निबंध तपासून आला. विषय 'माझी सकाळ'. मॅडमनी समासात एकच प्रश्न वरपासून खालपर्यंत विचारलाय: कोणी? मी लिहिलं होतं ते मराठीत सांगायचं तर असं: सहा वाजता उठण्यात आले. तदनंतर चहा ठेवण्यात आला. दूध उतू गेल्याचे निदर्शनास आले.

ऑफिसात कोणी काय केलं हे लिहून ठेवणारा माणूस सुखाने रिटायर होत नाही. हे मॅडमना समजावून सांगितलं. सगळा वर्ग ऐकत होता. मॅडम म्हणाल्या, इथे चौकशी लागणार नाही, दूध तुमच्याकडून उतू गेलं असेल तर बिनधास्त लिहा. वर्ग हसला. मीही हसलो. मनाचा मोठेपणा लागतो.

मार्क दहापैकी साडेतीन. पहिल्याच प्रयत्नाच्या मानाने भक्कम सुरुवात.

२६ जुलै

लिटरेचर. एक कादंबरी वाचून जायची होती. वेळच मिळाला नाही, पण मागचं कव्हर बारकाईने वाचलं. मुरलेल्या वाचकाला तेवढं पुरतं. शितावरून भाताची परीक्षा.

सरांनी प्रश्न टाकला. सगळे खाली बघत बसलेले, म्हणून मीच हात वर केला आणि नायिकेच्या मृत्यूला समाज कसा जबाबदार आहे यावर बोललो. छान रंगलं. माझं संपेपर्यंत सर थांबले, मग हळूच म्हणाले की नायिका मरत नाही, शेवटच्या प्रकरणात ती बेकरी उघडते. मी म्हटलं, मी तिच्या आतल्या मरणाबद्दल बोलतोय. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. विचारात पडले असावेत.

संकल्प: पुढची कादंबरी अर्धी तरी वाचणे.

११ ऑगस्ट, सुट्टीचा दिवस

नळदुरुस्ती. सगळी माहिती काढून, ऑफिसात प्रिंट घेऊन आलो होतो. कामाची वाटणी केली: बायकोने टॉर्च धरायचा, मी सूचना वाचायच्या. मी वाचत असतानाच तिने टॉर्च माझ्या हातात दिला, पाना घेतला आणि वॉशर बदलून टाकला. मी उरलेल्या सूचना वाचून पूर्ण केल्या. काम अर्धवट सोडायची सवय नाही. नळ आता थेंबही गाळत नाही. पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरात दुसरं काय होणार.

दुपारी जेवताना एकदम सुचलं. हीच गोष्ट. एक असामान्य माणूस आणि त्याचा सामान्य संसार. त्याची बुद्धी कोणाला कळत नाही आणि तो निमूटपणे नळ दुरुस्त करत राहतो. करुण. वाचताना लोक रुमाल काढतील.

२ सप्टेंबर

गोष्टीला सुरुवात. टेबल खिडकीजवळ नेलं. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, त्यामुळे एकाग्रता होईना. टेबल भिंतीकडे वळवलं. भिंतीकडे बघून काहीच सुचेना. टेबल परत खिडकीजवळ. अंगमेहनत भरपूर झाली. नायकाचं वर्णन करणारं एक वाक्य लिहिलं. भारदस्त आहे, पान संपलं तरी वाक्य संपलेलं नाही.

१९ सप्टेंबर

मॅडमना कच्चा खर्डा दाखवला. नायक घोड्यावरून ऑफिसला जातो असं केलं होतं. म्हणाल्या, कल्पना लढवायची घाई करू नका. डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहा, आणि कोणी काय केलं ते सांगा.

म्हणजे सगळी मजाच गेली. पण अ‍ॅडव्हान्स्डची निवड त्यांच्या हातात आहे, अडला हरी. घरातलंच सगळं घातलं. नळ आला तसा घातला. बायकोची वाक्यं ती बोलते तशीच ठेवली, तिच्यासाठी नवी कुठून आणणार. वडील शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होते, तो प्रसंगही घेतला. वॉर्डातला पंखा बंद पडलेला असतो आणि नायक व्यवस्थापनाला सडेतोड निवेदन लिहितो. निवेदन पूर्ण दिलं आहे, कारण तो गोष्टीचा उत्कर्षबिंदू. बायको त्या वेळी काय करत होती हे एका ओळीत उरकलं: ती ड्यूटी संपवून यायची आणि उशाशी बसून वहीच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालायची. पंखा शेवटपर्यंत दुरुस्त झाला नाही, एवढंही लिहिलं. किरकोळ गोष्टी आहेत, पण मॅडमना तपशील लागतात.

६ ऑक्टोबर

गोष्ट पूर्ण. बायकोला वाचून दाखवायला बसलो. ती सलग ड्यूट्या करून आली होती. पहिलं वाक्य संपायच्या आत खुर्चीतच झोपली. वाक्य लांब आहे हे मान्य.

वाईट वाटलं. लग्न ठरलं तेव्हा माझं प्रत्येक पत्र ती दोनदा वाचायची, तिनेच सांगितलंय. आता मी काही लिहिलं की ती 'हं' म्हणते आणि डबे घासायला घेते. कादंबरी, नाव, कॅशियरचं तोंड बघणं, हे सगळं आहेच. पण खरं सांगायचं तर तिने एकदा माझं लिहिलेलं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच हवंय.

कन्या म्हणते, मग आधी तिला झोपू दे. या पिढीला साहित्याची कळकळ नाही.

१७ नोव्हेंबर

उद्या वर्गातल्या वर्कशॉपमध्ये माझी गोष्ट. सगळ्यांना आधीच प्रती वाटल्या आहेत. इथली पद्धत विचित्र आहे. चर्चा चालू असताना लेखकाने मधे बोलायचं नाही. खुलासा नाही, हरकत नाही, काही नाही. लेखक मेला असं समजून लोक बोलतात. अगदी शेवटी मॅडम खूण करतील तेव्हाच तोंड उघडायचं.

मला अवघड नाही. मी मुळात मितभाषी. आभाराचं भाषण तयार आहे.

१८ नोव्हेंबर

हसले.

दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या बाजूला बसतात, त्यांनी सुरुवात केली. म्हणाल्या, बसमध्ये वाचताना इतकं हसू आलं की शेजारच्या माणसाने जागा बदलली. डोक्यावरची टोपी कधीच न काढणारा आमच्या वर्गातला टोपीवाला, जो एरवी कोणाच्या गोष्टीला चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला नायक अफलातून आहे, टॉर्च हातात आल्यावरही सूचना वाचतच राहतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमच्या घरी आहे असा एक. तिकडून कोणीतरी म्हणालं, आमच्याकडेही.

मला सांगायचं होतं की नायक करुण आहे. दोनदा उठलो. मॅडमनी दोन्ही वेळा ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा म्हणाल्या, पाणी प्यायला जायचं असेल तर जाऊन या.

हॉस्पिटलच्या पानावर आले तेव्हा आधी निवेदनाला हसले आणि मग एकदम गप्प झाले. वाटलं, आता कळला नायक. तर सगळे बायकोबद्दल बोलायला लागले. ती पुठ्ठ्याची ओळ टोपीवाल्याने मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाला, सगळी गोष्ट या ओळीत आहे. असेल. मला तिथे दोन मिनिटंही लागली नव्हती.

शेवटी मॅडमनी मला बोलायची परवानगी दिली आणि विचारलं की नायक इतका जवळचा वाटतो, तरी त्याच्याकडे असं लांबून बघणं तुम्हाला कसं जमलं? मी म्हटलं, सवयीने जमतं. विनोद मुद्दामच ठेवलाय, असंही सांगितलं.

घरी पोचेपर्यंत तो मुद्दामच ठेवला होता असं माझंही मत झालं.

२५ नोव्हेंबर

वार्षिक वाचनाच्या कार्यक्रमात माझी गोष्ट. मॅडम अ‍ॅडव्हान्स्डची निवड त्याच दिवशी सांगणार. घरी सांगितलं. बायकोने लगेच फोन उचलला आणि ड्यूटी बदलून घेतली. दिवसभर मला धड काम सुचलं नाही.

मुद्दाम ठेवलेला विनोद वर्कशॉपपुरता ठीक, पण तिच्यासमोर मी हास्यास्पद दिसून चालणार नाही. गोष्ट बदलायला मॅडमनी मनाई केली आहे, म्हणून उपाय आवाजाचा. इतक्या गंभीर आवाजात वाचायचं की हसण्याची कोणाची छाती होऊ नये. बाथरूममध्ये सराव चालू. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कन्येला विचारलं, घरी कोणाला बरं नाही का.

८ डिसेंबर

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. कन्या तिच्या मैत्रिणींना घेऊन आली होती, पण बसली लांब. बायको दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. लवकर उठून जाता यावं म्हणून असेल.

गंभीर वाचलं. जितका गंभीर झालो तितके लोक जास्त हसले. नळ आला तेव्हा मला थांबावं लागलं. समोर पाहिलं तर बायको हसत होती. रुमाल डोळ्यांना लावून, खांदे हलवून हसत होती. असं हसताना तिला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. जागी होती. मग हॉस्पिटल आलं, हॉल शांत झाला, आणि तिने रुमाल डोळ्यांवरून काढलाच नाही. आवाज कापायला लागला. माझा. हे सरावात नव्हतं.

नंतर मॅडम भेटल्या. अ‍ॅडव्हान्स्डला माझं नाव घेतलंय. फक्त कॉम्पोझिशनमध्ये नापास झालोय, तो विषय पुढच्या वर्षी पहिल्यापासून पुन्हा करावा लागेल. दोन्ही बातम्या त्यांनी एकाच वाक्यात दिल्या. कन्येने हॉलच्या त्या टोकाहून, सगळ्यांच्या देखत, मला हात केला.

आम्ही दोघं चालतच घरी आलो.  मी वाटभर दोन्ही नायकांच्या, म्हणजे माझ्या आणि गोष्टीतल्या, फरकाबद्दल बोलत होतो. घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

म्हणाली, "सगळं जसंच्या तसं लिहिलंत हो. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला काही दिसतच नाही."

मी म्हटलं, "दिसतं की. सगळं दिसतं."

तिने माझा हात धरला आणि जिना चढेपर्यंत सोडला नाही.

उद्या सुट्टी आहे. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नीट वाचून काढणे. तिला काय दिसलं ते बघायला हवं.