तीन पाण्यानं धुतलेली काच

नागपूर,
८ जुलै २०२४

ती. गोपिकाकाकूस गार्गीचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या भावाला, कवडूमामांना केला तर ते दर वेळी सांगतात की काकू धानाच्या बांधीत गेली आहे. सकाळी सहालाही बांधीतच? मामांना खोटं बोलता येत नाही, आधी घसा खाकरतात.

आपली खोली सोडून मी वसतिगृहात आले. तुझा पाटा-वरवंटा घरमालकिणीकडे ठेवलाय. खानावळीच्या वरणात डाळ शोधावी लागते.

तू रागावली आहेस. काका गेल्यावर मीच माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे शब्द टाकून तुला प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या कामावर लावलं आणि पाच वर्षांनी माझ्यामुळेच ते गेलं. पण माझी बाजूही बघ. जिवाणूंना जगायला जस्त लागतं, अगदी कणभर. त्यांच्या पातळ आवरणात प्रथिनांची दारं असतात, तीच बाहेरचं जस्त ओळखून आत ओढतात. मी त्यातलं मोठं दार मोडलेले जिवाणू तयार केले. जस्त काढलेल्या पाण्यात ते उपाशी पडायला हवे होते. पण सात महिने ते मजेत वाढत राहिले. म्हणजे कुठून तरी भरपूर जस्त येत होतं आणि उरलेल्या चिंचोळ्या दारातून ते आत घेत होते. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं की कुठून येतं, तेव्हा मी म्हटलं की भांडी साध्या नळाच्या पाण्यानं विसळली जात असतील. त्या तुला दुसऱ्याच दिवसापासून येऊ नका म्हणतील, असं मला वाटलं नव्हतं.

दुसरीकडे कुठे तुला काम मिळतं का ते बघते आहे. रागातही माझी आठवण राहू दे, एवढंच मागते.

तुझी,
गार्गी


कुही,
१९ जुलै २०२४

चि. गार्गीस काकूचे अ. आ.

पत्र भेटलं. धानाची रोवणी चालू आहे. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरून राहिली. कवडूची बायको म्हणते की बाई, तुमचे हात साहेबिनीसारखे नरम झाले. तिले काय सांगू, पाच वर्सं रबरी मोजे घालून ॲसिडच्या पाण्यात काचा बुडवल्या म्हणून!

पाटा घरमालकिनीले वापरू देजो, पडून राहिला त खराब होते.

तुया जिवाणूंचं मले समजते. कितीकदा तू जेवता जेवता सांगतलं आहे, भाजी थंडी होऊन जाये. पण एक गोष्ट समजली नाही. ॲसिडमधून काढलं का फिल्टरच्या पाण्यानं तीनदा धुवायचं, हे तूच शिकवलं. मी एक दिवस बी चुकली नाही. हेच मी मॅडमले सांगून राहिली होती, तू बाजूलेच उभी होती. तू वहीतून मान वर केली नाही. काहून वं?

आनखी एक. दिवाळीच्या आधी तू फिल्टरले ती लाल नळी लावली, तवा मी म्हटलं होतं का पाण्याले रबराचा वास येते. तू हासली. म्हणाली, काकू, जिवाणूंले नाक नसते.

वरण पातळ असन त निंबू पिळून खात जा. तब्येत सांभाळजो. माया आटली नाही, पण बोलावंसं वाटत नाही.

तुई काकू


नागपूर,
२ सप्टेंबर २०२४

ती. काकूस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला रागच आला. तरी दुसऱ्या दिवशी मी फिल्टरचं आणि त्या नळीतून आलेलं, अशी दोन्ही पाणी तपासायला पाठवली. निकाल आला. नळीच्या आधी जस्त जवळजवळ नाहीच. नळीनंतर माझ्या जिवाणूंना पुरून उरेल एवढं. रबर पक्कं करताना त्यात जस्त घालतात, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

नळी काढून टाकली आणि प्रयोग पुन्हा लावला. दार मोडलेले जिवाणू पहिल्यांदाच उपाशी पडले. दुसऱ्या दिवशीही चंबूतलं पाणी नितळ होतं, एरवी ते वाढले की गढूळ व्हायचं. तीन वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होते. माझ्यासोबत काम करणाऱ्या दिपालीनं टाळीसाठी हात पुढे केला, मला ती नीट देताही आली नाही.

तू विचारलंस, काहून. महिनाभर हे वाक्य टाळते आहे, आता लिहिते. तू तीनदा धुतेस हे मला माहीत होतं, काकू. धुताना ओठ हलवून एक, दोन, तीन मोजतेस, हे मी दाराच्या काचेतून कितीदा पाहिलंय. मॅडम कारण मागत होत्या आणि माझ्याकडे ते नव्हतं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो माझ्याशी भांडला असता. तू घरची. तू भांडणार नाहीस, या भरवशावर मी तुझं नाव पुढे केलं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं, सगळ्यांसमोर.  त्या म्हणाल्या की काकूंना मानानं परत बोलाव, जागा अजून रिकामी आहे, मी स्वतः चिठ्ठी लिहून देते. येशील ना? मी खोली बघून ठेवते.

लोभ मागायचा हक्क उरलाय का, कळत नाही. तरी मागते.

तुझी,
गार्गी


कुही,
१७ सप्टेंबर २०२४

चि. गार्गीस काकूचे अ. आ.

पत्र कोनाले दाखवलं नाही. कवडूले सांगतलं का पोरगी खुशाल आहे.

तुया प्रयोग जमला, मले खरंच आनंद झाला. तू रात्रंदिवस त्याच्यामागं होती, मी पाहिलं आहे.

आता मायं आयक. त्या दिवशी मी निघाली त गेटवरच्या गोविंदानं पिशवी दाखवा म्हटलं. पाच वर्सांत त्यानं कधी पिशवी पाहिली नव्हती, रोज कामाच्या आधी मले राम राम घाले. त्याचा बी दोष नाही, त्याच्या कानावर गेलं असन का बाई काहीतरी गडबड करून चालली. पिशवीत डबा होता अन् तू पहिल्या दिवशी घालून देल्लेला ॲप्रन. ॲप्रन त्याच्या टेबलावर ठेवला अन् निघून आली.

मॅडमची चिठ्ठी पाठवू नको. मी येत नाही. इथं चिखल आहे, पण जाताना कोनी पिशवी पाहत नाही.

तू म्हणते, घरची म्हणून मायं नाव घेतलं. तेच त लागलं वं. परक्यानं घेतलं असतं त मी भांडली असती अन् भांडून मोकळी झाली असती.

माया जागेवर नवीन बाई आली का तिले मोठे मोजे देजो. ॲसिडचे शिंतोडे कोपरापर्यंत उडते. अन् ती काही म्हणाली त आयकून घेजो.

माफ केलं असं लिहावं म्हणून हे पत्र दोन दिवस अर्धं ठेवलं होतं. लिहवत नाही. खोटं कशाले लिहू? धान कापायले आला का तू ये. चार दिवस राह्य. तुले आवडते ते करून घालीन. बोलनं होते का नाही, ते तवाच पाहू.

आशीर्वाद आहे, तो रागात बी थांबला नव्हता.

तुई काकू,
गोपिका