समोरच्याची बोहनी

अलेक्झांड्रिया,
२ फेब्रुवारी

ती. शुक्रीकाकांस,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर मी ‘हो काका, बरं काका’ करून सुटते, म्हणून खरं काय ते पत्रातच लिहायचं, असं तुम्ही मला निघताना बजावलं होतं. तर खरं असं आहे, की नोकरी सोडल्यापासून माझ्याकडे एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. जुने, फाटलेले, डाग पडलेले फोटो संगणकावर नीट करून देईन, अशी जाहिरात इंटरनेटवर टाकली आहे. लोक ती बघतात, खाली लाल बदाम चिकटवतात आणि पुढे जातात. त्यातले निम्मे आपलेच नातेवाईक.

आईनं ईदपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर कामाचा जम बसला नाही, तर खोली सोडायची, तांत्याला परत यायचं आणि मामाच्या पिठाच्या गिरणीत हिशेब लिहायला बसायचं. मामा चांगला आहे हो, पण मला गिरणीच्या नुसत्या विचारानं शिंका येतात. फोटोवाल्यांच्या नादी लागून कुणाचं भलं झालंय, असं आई म्हणते, आणि पुढे तिचं ठरलेलंच: सख्ख्या दिराचा स्टुडिओ असून माझ्या लग्नाचे फोटो समोरच्या आर्मेनियनानं काढले.

काल इथे वादळ होतं, समुद्र पार रस्त्यावर आला होता. खिडकी लावून बसले आणि तुमच्या अंधाऱ्या खोलीतला औषधाचा वास आठवला. मी स्टुलावर उभी राहून गिऱ्हाइकांच्या हनुवट्या सरळ करायची, आठवतं? बाबा गेल्यानंतरची माझी सगळी दुपार तिथेच जायची. तुमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक कसं आलं, ते कधी सांगितलंच नाहीत.

आपली,
शाहंदा
(लोभ जुना आहे, तो तसाच असू द्या.)


तांता,
९ फेब्रुवारी

चि. शाहंदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. भाजलेले चणे आणि तिळाची वडी सोबत पाठवतो आहे. कामाच्या टेबलावर खाऊ नकोस, फोटोंना तीळ चिकटतात.

माझं पहिलं गिऱ्हाईक? अगं, मी दुकान काढलं तेच मुळी तुझ्या आईच्या त्या आर्मेनियनाच्या, ख्वाजा आर्दाशच्या स्टुडिओसमोर. सगळ्या गल्लीनं मला वेड्यात काढलं. तुझे आजोबा तर माझ्याशी बोलेनात. सकाळी शटर वर करायचं, उंबरठ्यावर पाणी मारायचं, टाय बांधायचा आणि बसायचं. समोर आर्दाशकडे माणसं रांग लावून, माझ्याकडे फक्त माश्या. एका सकाळी एक जवान पोरगा आत आला, लष्करात भरती व्हायला फोटो हवा म्हणाला. मी विचारलं, माझ्याकडे कसा आलास? तर म्हणाला, समोरच्या ख्वाजांनी पाठवलं. त्यांची आजची बोहनी झालीय, तुमची व्हायचीय म्हणाले.

त्या पोरानं दिलेली नोट मी ओठांना लावली, कपाळाला लावली. मग दारात आलो, तर आर्दाश पाठमोरा होऊन आपल्या काचा पुसत होता. मी आभार मानीन म्हणून वळलाच नाही लबाड. आमच्या गल्लीत सगळेच असं करायचे, कापडवालासुद्धा, पण माझ्यासारख्या उपऱ्यासाठी कोण करतं?

तुझ्या त्या इंटरनेटच्या काचेच्या गल्लीत शेजारी असतात की नाही, मला ठाऊक नाही. पण शटर वेळेवर वर कर. पायजम्यात बसून काम करू नकोस.

तुझा,
शुक्रीकाका


अलेक्झांड्रिया,
४ मार्च

ती. काकांस,
सप्रेम सलाम आणि रमजानच्या शुभेच्छा वि. वि.

गिऱ्हाईक आलं! आणि गेलंही. हसू नका.

कॅनडात वाढलेल्या एक मॅडम आहेत, मावशीकडे आल्या आहेत. त्यांच्या वडिलांचा फोटो अर्धा वाळवीनं खाल्लेला. मी रात्रीचा दिवस करून कान, कॉलर, मिशीचं टोक, सगळं परत आणलं. बघून त्या रडल्याच. मग पर्स उघडून किती द्यायचे विचारलं. आता आपण काय म्हणतो? राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं! मी तेच म्हणाले. पुढे त्यांनी नाही नाही म्हणायचं, मी पुन्हा राहू द्या म्हणायचं, मग त्यांनी हातात कोंबायचे, ही सगळी रीत त्यांना कुणी शिकवलेलीच नाही. माझे दोन्ही गाल चुंबले, तुझ्यासारखी माणसं कॅनडात नाहीत म्हणाल्या, आणि पर्स मिटून जिना उतरून गेल्या. मी दारात हात पुढे करायच्या बेतात तशीच उभी.

आईला हे कळवू नका. ईद जवळ येते आहे आणि मला आता खरंच भीती वाटते आहे.

तुमची,
शाहंदा


तांता,
८ मार्च

चि. शाहंदास,
अ. उ. आ.

उपास असताना इतकं हसणं बरं नव्हे. पाणीही पिता येईना.

वेडाबाई, ‘राहू द्या’ म्हणताना समोरचा कुठे वाढला, हे आधी बघावं. पण मन लहान करू नकोस. तो फोटो त्यांच्या मावशीच्या दिवाणखान्यात लागेल, आणि रमजानात दिवाणखान्यात कोण येत नाही?

तुझाच,
काका


अलेक्झांड्रिया,
२० मार्च

ती. काकांस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुमच्या तोंडात साखर पडो. काल सकाळी मॅडमच्या मावशीचे शेजारी आले, आईचा तडकलेला फोटो घेऊन. या वेळी मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि पैसे घेतले. ओठांना लावले, कपाळाला लावले. ते बिचारे बघतच राहिले.

तासाभरात खुद्द मावशींचा फोन. घराण्याचे चार अल्बम, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी. काका, हे एक काम घेतलं असतं तर आईपुढे ताठ मानेनं उभी राहिले असते. पण आम्हा हे काम करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. त्यात दमनहूरची लुजैन म्हणून एक मुलगी आहे. माझ्याहून चांगला हात, पण अजून एकही काम नाही. तिनं आदल्याच रात्री लिहिलं होतं, की उद्या संगणक विकते आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

मी मावशींना सांगितलं, माझी आजची बोहनी झालीय, हिची व्हायचीय. त्यावर त्या, कुठली गं तू, आमच्या लहानपणी असं बोलायचे, म्हणाल्या आणि तिचा नंबर लिहून घेतला.

आईला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारून घेतला. घरात नाही दाणा आणि पोरीला दानशूर म्हणा, असं म्हणाली. ईदनंतर गिरणी. मी भांडले नाही. पश्चात्ताप होतो का, तर होतो, खोटं कशाला लिहू? पण पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

तुमची,
शाहंदा


तांता,
२७ मार्च

चि. शाहंदास,
अ. उ. आ.

तुझी आई माझ्याकडे आली होती. दारातूनच सुरुवात: तुम्हीच पोरीला बिघडवलंत. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं वाचलं आणि मग बसली.

मग मी तिला एक सांगितलं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तिच्या लग्नाच्या वर्षी सगळ्यांना रंगीत फोटो हवे होते. आर्दाश काळ्यापांढऱ्यालाच धरून बसला होता. त्याच्या दुकानात दिवस दिवस कुणी फिरकत नसे. लग्नाच्या दिवशी वरात माझ्या दारात आली, तेव्हा माझी बोहनी झाली होती. समोर तो टाय बांधून रिकामा बसला होता, मी कधीकाळी बसायचो तसा. मी तुझ्या बाबाच्या कानात सांगितलं आणि वरात समोर वळवली. कारण बाहेर फुटलं असतं, तर आर्दाशनं लाजेनं दुकान बंद केलं असतं. म्हणून तुझा बाबाही बोलला नाही, मीही नाही. वहिनींची बोलणी खाल्ली. ती तशी रुचकर असतात.

ऐकून तुझी आई एवढंच म्हणाली, की म्हणून त्या म्हाताऱ्याचे हात थरथरत होते होय.

आज सकाळी पुन्हा आली, आर्दाशनं काढलेला तो लग्नाचा फोटो रुमालात गुंडाळून घेऊन. छत गळलं तेव्हा तुझ्या बाबाच्या चेहऱ्यावर पाणी पडलं होतं, त्याचा डाग आहे. तो मी या पत्रासोबत पाठवतो आहे. मामाला तिनं परस्पर कळवलंय, हिशेबाला दुसरा माणूस बघ.

निरोप तिच्याच शब्दांत देतो. फुकट करायचं नाही, राहू द्या म्हणायचं नाही, आणि सकाळी तिची बोहनी झाली नसेल तर माझ्यापासून कर म्हणावं.

तुझा,
शुक्रीकाका
(लोभ आहेच. शटर वेळेवर वर कर.)