अर्धी राहिलेली नर्मदा

माई,

दाजीबाचा नमस्कार घ्या.

उद्या संध्याकाळी वर्ग पुन्हा भरतोय. जाजम झटकून, उन्हात घालून तयार ठेवलंय. पण तुम्हाला कळवल्याशिवाय ते पसरायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून लिहायला बसलो. काल तुमच्या तेराव्याला सगळे बोलले, मीच तेवढा बराच वेळ गप्प होतो. दाजीबाची बोलती बंद झाली, असं लोक म्हणत होते. मी ऐकत होतो हो! तुम्हीच म्हणायच्यात ना, "दाजीबा, तुमचे कान अख्ख्या गल्लीचे आहेत"?

तुम्ही आमच्या या पेन्शनवाल्यांच्या गल्लीत राहायला आलात तेव्हा इथे होतं काय? दरबारच्या नोकरीतून घरी बसलेली माणसं आणि कुलपं लावलेल्या खोल्या. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, तरी हिवाळ्यापुरती का होईना, राजधानी आपल्या ग्वाल्हेरला होती. मग मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कचेऱ्यांमागून मुलगे गेले, मुलग्यांमागून सुना-नातवंडं. मागे राहिले ते पहाटेच उठून बसणारे, आणि मग दिवसाचं करायचं काय, ते न कळणारे.

तुम्ही मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई. एक दिवस पाटणकर बाजारात माझ्या दुकानात उभ्या राहिलात. मला वाटलं, कुणाचं तरी कार्य निघालं.

"मंडप कुठे टाकायचा, माई?"

"मंडप नको. एक जाजम द्या. आणि त्यावर बसायला तुम्हीही या."

मी हसलोच. बांबू वाहता वाहता तंबू-कनातींचा मालक झालेला माणूस मी, डोक्यावर पांढरे केस. म्हटलं, "आता काय शिकणार?"

"आपलं नवं राज्य कुठवर आहे, मालूम आहे?"

नव्हतं! गल्लीत कुणालाच नव्हतं. तेव्हापासून दाल बाजारातले आडते मला गाठून विचारतात, "क्यों दाजीबा, इम्तिहान कब है?" विचारू देत. त्यांना तरी कुठे मालूम आहे?

पहिल्या दिवशीची फजिती आठवते? तुमच्या ओसरीत जाजम घातलं आणि हाताच्या सवयीनं वरच्या टोकाला गादी टाकून लोड ठेवले. मंडळी आली आणि उभीच राहिली. मानाचा माणूस बसल्याशिवाय इतरांनी बसायचं कसं? "आधी आपण." "छे छे, आधी आपण." मुरारच्या छावणीकडून येणारे जुने फौजी सुभेदार तर कवायतीला उभे राहावेत तसे ताठ. तुम्ही हातात खडू धरून वाट बघताय. दिवेलागण झाली तरी एकाचंही बूड जाजमाला टेकेना! शेवटी तुम्ही म्हणालात, "दाजीबा, गादी उचला."

मी उचलली, आणि समोरच्या घरातले रावसाहेब पाठ फिरवून चालते झाले. दरबारात कोणी कुठे बसायचं हे ठरवण्यात ज्यांची हयात गेली, ते हे रावसाहेब. जाताना म्हणाले, "जिथे जागा ठरलेली नाही, तिथे माणसानं बसायचं तरी कुठे?" त्यानंतर रोज वर्गाच्या वेळी ते आपल्या चबुतऱ्यावर बसायचे, आमच्याकडे पाठ करून.

पाठ केली तरी कान इकडेच होते. तुम्ही विचारायच्यात, "चंबळ कुणाला मिळते?" सुभेदार गरजायचे, "गंगेला!" आणि गल्लीपलीकडून अगदी हळू यायचं, "यमुनेला." ते फक्त मला ऐकू यायचं. मी तुम्हाला सांगितलं. मला वाटलं, तुम्ही त्यांना बोलावणं धाडाल. तुम्ही म्हणालात, "त्यांना आत आणायचं नाही. आपण बाहेर जायचं."

काय डोकं चालवलंत! आपला ग्वाल्हेरचा उन्हाळा कामी आला. ओसरीत जीव घाबरा होतो, एवढं निमित्त करून गल्लीत पाणी शिंपडलं आणि जाजम बाहेर टाकलं. रोज ते जरासं पुढे सरकवायचं काम माझं. सायकलवाले शिव्या घालत कडेनं जायचे.

आणि तो नकाशा! नव्या राज्याचा छापील नकाशा मिळेना, म्हणून माझ्या कनातीच्या पांढऱ्या कापडावर तुम्ही तो हातानं काढायला घेतलात. कोळशानं सीमा, कपड्यांच्या निळीनं नद्या. जेवढं शिकवून व्हायचं, तेवढंच त्यावर उमटायचं. एका संध्याकाळी तुम्ही तो थेट रावसाहेबांच्या भिंतीवर टांगलात. त्यांच्या नाकासमोर, त्यांना न विचारता!

"रावसाहेब, जरा सरकता का? तुमच्या पाठीनं भोपाळ झाकलंय."

त्यांचा एकुलता एक मुलगा भोपाळला, हे कुणाला ठाऊक नव्हतं? रावसाहेब सावकाश उठले. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "आणि आपलं ग्वाल्हेर?" तुम्ही दाखवलंत. त्यांनी अंगठा ग्वाल्हेरवर ठेवला, करंगळी ताणून भोपाळला टेकवली. दोन्ही शहरं एका पंजात मावली.

"एवढंच?" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, पोरगा परमुलखात गेला."

दुसऱ्या दिवशी ते जाजमावर, सगळ्यात पुढे. सुभेदारांनी डिवचलंच, "काय रावसाहेब, ही कुणाच्या मानाची जागा?"

"ज्याला कमी दिसतं त्याच्या," रावसाहेब म्हणाले. "तुम्हाला कमी ऐकू येतं. या, शेजारी बसा."

एक विचारू, माई? रागावू नका. जायची एवढी घाई का केलीत? त्या संध्याकाळी अमरकंटकाहून नर्मदा निघाली, जबलपूरपर्यंत आली आणि वाटीतली नीळ संपली. "उरलेली उद्या," म्हणालात. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही उठलाच नाहीत! नदी अशी मधेच सोडून जातं का कुणी? नकाशाची घडी माझ्या दुकानात आहे. रोज कुलूप काढलं की आधी तीच दिसते.

काल तुमचा फोटो ठेवायला मी जाजमावर पुन्हा गादी घातली. आणि काय सांगू! कुणी काही न बोलता मंडळी जुन्या मानानं बसली. मोठ्या हुद्द्याचे वर, धाकटे दाराशी. सुभेदार कुठल्या कुठे मागे. त्यांना बिचाऱ्यांना काही ऐकूही येत नसणार. तिथूनच म्हणाले, "आता वर्ग कसला? नकाशा माईंच्या घरच्यांना देऊन टाकू." माना हलल्या. गल्लीला पुन्हा कुलूप लागतंय, हे मला ऐकू येत होतं.

रावसाहेबांचा मुलगाही आला होता, त्यांना कायमचं न्यायला. ट्रंक त्यांच्या चबुतऱ्यावर बांधून तयार. तो म्हणाला, "चला ना बाबा. वहाँ सब हैं. आता इथे काय राहिलंय?"

रावसाहेब म्हणाले, "नर्मदा राहिली आहे. जबलपूरच्या पुढची."

मुलाला वाटलं, बाबांना भ्रम झाला. आम्हाला बरोबर कळलं! सुभेदारांनाही कसं कोण जाणे, ते ऐकू आलं. पंचा डोळ्यांना लावून बसले.

"बाबा, अहो, पण..."

"दिवाळीला येतो. एकटा येईन. वाट मला आता मालूम आहे."

मग ते माझ्याकडे वळले. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना जागा दाखवली, ते मला विचारत होते, "दाजीबा, उद्यापरवा वर्ग सुरू करू. माझी जागा कुठली?"

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. "नकाशापाशी," मी म्हटलं. "पण तिथे बसता येत नाही हं. माई उभ्याच असायच्या."

त्यांनी मान डोलावली आणि स्वतः वाकून तुमचा फोटो उचलला. "मग यांनाही गादीवर कशाला बसवता? खुंटीला लावा, सगळे दिसतील तिथे."

माई, नीळ आणून ठेवली आहे. रावसाहेब दुपारभर घरात होशंगाबादचा पाठ घोकत होते, भिंतीपलीकडून मी ऐकलं. एकच अडचण आहे. आपलं राज्य संपतं तिथे तुमचं कापडही संपतं, आणि नदी तर पुढे जाते. म्हणून कनातीचा आणखी एक पट्टा मी आजच जोडून घेतलाय. तुमची नर्मदा सीमेवर थांबणार नाही. समुद्रापर्यंत नेऊ, हा माझा शब्द. आणि त्या जाजमावर गादी पुन्हा पडणार नाही, हाही.

तुमचा विद्यार्थी,
दाजीबा जाजमवाला