टोचलं तर टोचलं म्हण

अहो,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुम्ही गुऱ्हाळावर, मी चुलीपुढं, मध्ये फार तर दोन बांध. आता हाक पोचत नाही, म्हणून बारामतीच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून शालनच्या वहीतला कोरा कागद फाडलाय. गप्प बसवतच नाही हो! उठते, आत डोकावते, परत येऊन बसते. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, जरा टेक की, का मुंग्या चावत्यात?" तिला काय सांगू? तुमच्याशी चार शब्द बोलले तर जीव थाऱ्यावर येईल असं वाटलं.

आपल्या शालनच्या कोपराशी डाग आलाय. रुपयाएवढा, फिक्कट. खाजत नाही, दुखत नाही. परवा चुलीपाशी बसून शाळेतल्या गमती सांगत होती आणि बोलता बोलता तिचं कोपर तापल्या तव्याला टेकलं. टेकलेलंच राहिलं! मी किंचाळले तेव्हा कुठं तिनं हात उचलला, वळून बघितलं आणि म्हणाली, "अगं, मला ठावंच न्हाय." म्हणाली आणि हसली. अगदी तुमच्यासारखी. 

तुमच्या हाताचं केवढं कौतुक होतं पंचक्रोशीत! उकळत्या काहिलीतला पाक बोटानं उचलायचा, पाण्यात बुडवायचा, गोळी वळून बघायची, हे सगळेच गुळवे करतात. पण ते आधी बोटं पाण्यात भिजवतात आणि तरी हायहुय करतात. तुम्ही कोरडी बोटं घालायचात. आपल्या वडगावची माणसं काहिलीभोवती कोंडाळं करून बघायची. "काय हात हाय गड्याचा! चटका म्हनून बसत न्हाय!" आणि तुमची छाती फुगायची. माझीसुद्धा फुगायची, खोटं कशाला बोलू? कुणाच्याही मनात आलं नाही की ज्या बोटांना चटका बसत नाही ती बोटं आजारी असतील. आपल्या गावानं दुखण्याला शाबासकी दिली, आणि तुम्ही ती फेट्यात खोवून मिरवलीत.

करंगळी वाकडी व्हायला लागली तेव्हा मी तुम्हाला ह्याच दवाखान्यात आणलं होतं. आणलं म्हणजे काय, अबोला धरून आणलं. शालनही बरोबर होती, माझ्या पदराला धरून सगळं बघत होती. आठवतं ना? डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. "टाचणी टोचली की हो म्हणा." तुम्ही बसलात मांडी ठोकून, आणि डॉक्टर टोचोत न टोचोत, तुमचं आपलं "व्हय, व्हय" सुरू!

डॉक्टर म्हणाले, "अहो, आत्ता मी हातसुद्धा लावला नव्हता."

"मग इचारता कशाला?"

माझी हसून मुरकुंडी वळायची वेळ आली होती. मग त्यांनी तुमच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागद धरायला दिला आणि अलगद ओढला. आला की हो सुटून! तुमच्या बोटांना तो धरताच आला नाही. माझं हसू तिथंच विझलं. "घाम आलाय हाताला," तुम्ही म्हणालात. डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली आणि खालच्या आवाजात सांगितलं, "महारोगाची सुरुवात आहे. घाबरू नका, गोळ्या निघाल्यात आता. पण आजपासून घ्या."

तुम्ही फेटा उचललात आणि चालू लागलात.

वाटेत म्हणालात, "मास्तरीणबाई, टाचणीनं टोचून का कुटं रोग कळतो? आन् ह्यातलं अवाक्षर कुनाला सांगू नगंस. गुळव्याच्या हातात असलं कायबाय हाय म्हनल्यावर त्याचा गूळ कोन तोंडात घालंल?"

तुमचं भय खरंच होतं. पण अहो, गूळ दुसऱ्या कुणीही केला असता! मागच्या हंगामात चुलवणापाशी निखाऱ्यावर पाय देऊन उभे राहिलात, आणि जाळ घालणाऱ्या गड्याला कातडं जळल्याचा वास आला तेव्हा खाली बघितलंत. जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, होळीच्या आत सगळं आटोपलं. मला अजून तुमचा राग येतो. भाकरी थापताना येतो, पाणी शेंदताना येतो, आणि रडू येतं ते त्याच्या मागोमाग.

आता थोरल्या भावजींचं ऐका. डाग बघितल्याबरोबर म्हणाले, "बिब्बा घाल त्याच्यावर. कातडी उतून फोड आला की डाग त्यात जाईल. कुनी इचारलं तर बिब्बा उतलाय म्हनायचं. पोरीची जात हाय, उद्या उजवायची हाय." आणि खरंच बिब्बा आणि सुई घेऊन आले की! त्यांचं वाईट नाही हो मनात. तुम्हीही हेच केलं असतंत. पण मी पोरीला पाठीशी घातलं आणि डोक्यावरचा पदर न ढळू देता म्हणाले, "भावजी, बिब्बा डाग झाकंल, हात न्हाय वाचायचा." निरवांगीच्या मास्तराची लेक बोलायला लागली की अशीच बोलते, असं तुम्ही म्हणायचात ना?

आज पहाटेच्या यष्टीनं निघालो. खिडकीतून उसाचे फड मागं पळत होते आणि मी मनातल्या मनात देव आळवत होते. शालन मात्र निवांत. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, तू भिऊ नगं. मला येतंय. डोळं मिटायचं आन् सगळ्याला व्हय म्हनायचं. आबांनी केलं तसं. मंग घरी सोडत्यात."

ऐकलंत का? लेकीला काय शिकवून गेलात बघा! तिला वाटतंय ही शाळेची परीक्षा आहे आणि आबांनी तिचं उत्तर सांगून ठेवलंय. खोटं बोलून पास झाली तर पोरगी हाताला मुकेल, आणि खरं बोलली तर आपल्याला घराबाहेर काढतील असं तिला वाटतंय. सांगा, मी काय करू?

हाक आली. जाऊन येते.

आले परत. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

डॉक्टर तेच. त्यांनी ओळखलं मला. तुमचं विचारलं, मी मोकळ्या कपाळाकडं बोट दाखवलं. शालनला स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. आधी कापूस फिरवला. मग टाचणी. मग काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. पोरगी सगळ्याला "व्हय". गरम नळी लावली तरी व्हय, नुसता हात हवेत धरला तरी व्हय! डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

मी तिच्यापुढं खाली बसले. "शाले, टोचलं तर टोचलं म्हन. न्हाय कळलं तर न्हाय म्हन. न्हाय म्हनलीस तरी तू माज्याच ताटात जेवनार, माज्याच वाकळंत निजनार. कुटं धाडनार न्हाय तुला."

डोळे मिटलेलेच ठेवून तिनं विचारलं, "शप्पत?"

मी गळ्याला चिमटा घेतला. "शप्पत."

मनगटाला टाचणी लागली. "व्हय." दंडाला लागली. "व्हय." मग डागावर लागली. पोरगी गप्प. त्या क्षणी मी काय मागत होते देवाला, माझं मलाच कळत नव्हतं. मग बारीक आवाजात म्हणाली, "न्हाय. आई, तितं काय कळंना गं." आणि रडायला लागली. मीही रडले. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, पोरी."

मग त्यांनी तिच्या बोटांत कागद दिला. मला बघवेना, मी भिंतीकडं तोंड केलं. टर्रकन आवाज आला. कागद फाटला होता हो! अर्धा डॉक्टरांच्या हातात आणि अर्धा तिच्या करंगळीत घट्ट. डॉक्टर हसले. "हातात ताकद आहे. वेळेत आणलीत. गोळ्या मात्र न चुकता, काही वर्षं. आणि शाळा सोडवायची नाही."

हे पुढचं स्टँडावर बसून लिहितेय. यष्टीला वेळ होता म्हणून इथल्या हॉटेलात तिला चहा पाजला. मी कधी हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं, पण आज टाकलं. तिनं घाईनं बशी तोंडाला लावली आणि एकदम ओरडली, "आई गं, पोळलं!"

मी मोठ्यानं हसले. चारचौघांत, हॉटेलवाला बघतोय याचीसुद्धा लाज वाटली नाही. "परत म्हन," म्हणाले. ती चिडली, "अगं, जीभ पोळली माजी!" अहो, तुमच्या तोंडून एवढा एक शब्द ऐकायला मी जन्मभर थांबले. एकदा तरी म्हणायचं होतंत!

तुम्हाला वचन देते. गोळी मी स्वतःच्या हातानं देईन. भावजींना आज उंबऱ्यातच सगळं सांगेन, आणि ताट वेगळं काढायचं झालं तर आम्हा दोघींचं मिळून एक निघेल. आणि ती दुखतंय म्हणाली तर तिला सोस म्हणून कधी सांगणार नाही.

यष्टी लागली.

तुमची मास्तरीण,
अनुसया