उत्तरेच्या लाटा आल्या

प्रिय आईस,
हालेइवाहून लेहुआचा गोड पापा.

आम्ही खुशाल आहोत. उन्हाळाभर समुद्र तळ्यासारखा निजून होता; नुसता ईशान्येचा वारा झावळ्या विंचरत राहायचा. काल तो पडला आणि पहाटे उत्तरेच्या लाटा आल्या. त्यांचा आवाज ऐकून काइपो उठून बसला. गेल्या हिवाळ्यात लाटेने खांदा मोडल्यापासून तुझ्या जावयाने लाटांवर स्वार व्हायच्या फळीला हातही लावला नव्हता.

"जाऊ का गं?"

"मला काय विचारतोस? तुझे पाय तर निघालेसुद्धा!"

मी वाळूत बसून राहिले. तो लांब पाण्यात फळीवर नुसता बसलेला, मोठमोठ्या लाटा त्याच्याखालून निघून जात होत्या. शेवटी एका छोट्याशा लाटेवर, लहान मुलासारखा पालथा पडूनच तो किनाऱ्याला आला.

"उभं राहायची भीती वाटली," म्हणाला, आणि हसता हसता रडला. मी त्याचा ओला खांदा कुशीत धरला. इतका आवडता तो मला कधीच वाटला नव्हता.

बाबांचा गुडघा कसा आहे? अळूचे कंद काढले का? तिकडे मोलोकाईला वारा आहे ना अजून?

उद्या लाटा वाढणार म्हणतात. तो जाणार आहे, आणि मी अडवणार नाही. तू काळजी करू नकोस, ती मी करते.

तुझीच,
लेहुआ