भाकरी कोण करतंय?

नागपूर, १८ मार्च

अक्षताच्या पप्पांना सोनमचा जयभीम.

माझं नर्सिंगचं ट्रेनिंग बरं चाललंय. मेसची भाजी सपक असते, पण घरची चटणी अजून हाय. अक्षताची शाळा आता सकाळची झाली असंल. काय खाऊन जाते?

फोनवर ती जवळच असते, म्हणून हे लिहितेय. रविवारी व्हिडिओवर तुम्ही भाकरी दाखवलीत, "मीच केली" म्हणालात. इतकी गोल? मागं गॅसपाशी बांगड्या घातलेला हात दिसला. "कोण हाय?" विचारलं, तर तुमचं नेटवर्क गेलं. 

काल तुम्ही कागलला कारखान्यात असताना शेजारच्या सलिमाभाभींच्या फोनवर अक्षताला विचारलं, "भाकरी कोण करतंय गं?"

"पप्पांनी सांगू नको म्हटलंय."

मग भाभींनीच फोन घेतला.

"अगं, बांगड्या माझ्याच की! पोरीनं केक मागितला, म्हणून तिच्या पप्पांनी कुकरात लावला आन् काढताना तळहात भाजून घेतला. तू ट्रेनिंग सोडून येशील म्हणून गप्प हायत. पंधरा दिवस झाले, भाकऱ्या मीच करून देतेय. जास्त न्हाय भाजलं."

मनात काय काय आणलं होतं, त्याची आता लाज वाटतेय. पण जास्त भाजलं नाही, तर पंधरा दिवस भाकऱ्या भाभी का करतात? अशा हातानं मशीनवर कसे उभे राहता?

फोड अजून असतील तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. मी ट्रेनिंग सोडणार नाही. रविवारी मात्र भाकरी नको, तळहात दाखवा. दोन्ही.

तुमचीच,
सोनम